तांब्याला कुठलं तेल लावायचं

माझ्या अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, नाही म्हणायला शिकले नव्हते. जळगावच्या एमआयडीसीत त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर, आणि पत्र्याची शेड. पंपाचे शाफ्ट, पुली, बुश असली लोखंडाची कामं ते करत. गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणालं, "हे होईल का?" की ते काम काय आहे हे बघायच्या आधीच दाजी म्हणायचे, "होईल की." मग गिऱ्हाईक गेल्यावर त्या वस्तूकडे बघत बसायचे.

मी धुळ्याला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि काही महिने घरी बसलो. तेव्हा अक्कानं परस्पर ठरवलं की मी जळगावला यायचं आणि दाजींच्या हाताखाली काम करायचं. दाजींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "होईल की."

हे ऐंशीच्या दशकातलं. मी येऊन जेमतेम पावसाळा उलटला होता, तेव्हा धुळ्याहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, सुती नऊवारी, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं मोजकं. त्यांचे यजमान गॅस वेल्डिंगचे टॉर्च जोडून विकायचे. ते गेल्यावर धंदा बाईंनीच चालू ठेवला होता. पितळेच्या मुठी, नळ्या, चाव्या त्या बाहेरून घेत आणि घराच्या पुढच्या खोलीत स्वतः जोडत. खेड्यापाड्यांतले वेल्डिंगवाले, नांगर आणि बैलगाडीचे आख जोडणारे, त्यांच्याकडून टॉर्च नेत. टॉर्चच्या टोकाला जे नोझल असतं, ज्यातून ज्योत बाहेर पडते, ते तांब्याचं. नोझल पुरवणारा माणूस मुंबईला निघून गेला होता. बाईंनी पिशवीतून एक नमुना काढून टेबलावर ठेवला. करंगळीएवढा, पुढे निमुळता होत गेलेला, आणि मधून आरपार एक बारीक भोक.

"होईल का?" बाईंनी विचारलं.

पुढचं सांगायला नको.

बाई गेल्यावर दाजींनी नमुना माझ्या हातात दिला. "तांबं आहे," ते म्हणाले. "मऊ असतं. लोखंडापेक्षा सोपं."

मीही मान डोलावली. डिप्लोमाच्या तीन वर्षांत तांब्यावर एक परिच्छेद होता, आणि तो परीक्षेला आला नव्हता.

लोखंडाला लागतं तेच कापायचं टूल आम्ही लेथला लावलं. टोकाला कार्बाइडची टीप, धार बोथटाकडे झुकणारी, लोखंडाचा मार सोसणारी. लोखंड त्यानं छान निघायचं. तांबं निघायला तयार नव्हतं. ते टूलच्या टोकाला लोण्यासारखं चिकटायचं, चिकटलेल्याचा गोळा व्हायचा, आणि तो गोळाच पुढचं तांबं ओरबाडत जायचा. जॉब, म्हणजे कापायला लावलेला तुकडा, काढून पाहिला तर पृष्ठभाग असा, जणू कुणी तो दातांनी कातला आहे. भोक पाडायला घेतलं तर निम्म्यात गेल्यावर ड्रिलच्या खोबणीत तांब्याचा कीस गच्च बसायचा आणि ड्रिल आत मोडायचा. मग तो जॉब तसाच भंगारात, पोटात ड्रिल घेऊन.

तरी दाजींनी घासून-पुसून काही नोझलं तयार केली आणि मला धुळ्याला पाठवलं. घर तिकडेच, त्यामुळे पोचवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचेपर्यंत ती पिशवी मांडीवर घेऊन मी बसलो होतो. बाईंच्या घरी गेलो तर त्यांनी पाणी दिलं, चष्मा बदलून काळा चष्मा लावला, आणि माझ्यासमोरच एक नोझल टॉर्चला लावून पेटवलं.

चांगल्या नोझलची ज्योत सरळ असते. आत निळसर पांढरा टोकदार सुळका आणि भोवती फिकट निळी झाक. आमच्या नोझलची ज्योत बाहेर पडल्या पडल्या डावीकडे वळली. दुसऱ्याची उजवीकडे. तिसऱ्याची दुभंगली. भोकाच्या आतला खडबडीतपणा गॅसला सरळ जाऊ देत नव्हता. बाईंनी पिशवीतलं प्रत्येक नोझल लावून पाहिलं. एकदाही घाई केली नाही. मी खुर्चीवर बसून आपली लाज पेटताना बघत होतो.

"बठ्ठ्या ज्योती वाकड्या शेतस, भाऊ," त्या शेवटी म्हणाल्या. सगळ्याच वाकड्या. राग नव्हता. भाजी जून आहे हे सांगावं, तसं सांगितलं. मग नोझलं पुन्हा पिशवीत भरून दिली.

दाजींनी ऐकून घेतलं. आपल्याला जमलं नाही असं ते म्हणाले नाहीत. "तेल चुकलं," म्हणाले. तोवर आम्ही तेल वापरलंच नव्हतं, लोखंडाला वापरायचं पांढरं साबणासारखं पाणी सोडत होतो. पण चूक तेलाच्या नावावर टाकल्यावर त्यांना बरं वाटलं.

बाजारात एक मारवाडी शेटजी होते. त्यांच्या दुकानात टूल, ड्रिल, तेलं, पट्टे, नट-बोल्ट असं सगळं मिळायचं. ते गादीवर बसून ऐकत होते. दाजींनी चिकटण्याची तक्रार सांगितली. शेटजींनी आतून एक डबा मागवला. काळपट तेल, आणि झाकण उघडल्याबरोबर गंधकाचा उग्र वास. "चिकट धातूला हेच," शेटजी म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांना फक्त कुठला धातू, ते आम्ही सांगितलं नव्हतं. चिवट पोलादाची कामं करणारे तेच तेल नेत.

तेल लावल्यावर काम पहिल्यापेक्षा खूपच बरं झालं. तांबं चिकटणं कमी झालं, ड्रिल पार गेला. दाजींनी तयार नोझलं ओळीनं टेबलावर मांडली. लालसर, चमकदार. आम्ही दोघांनी समाधानानं चहा घेतला आणि घरी गेलो.

सकाळी येऊन पाहतो तर सगळी काळी. तव्याच्या बुडासारखी काळी. गंधकाला तांबं मिळालं होतं आणि दोघांनी मिळून रात्रभर आपलं काम केलं होतं. त्या एका परिच्छेदात हे लिहिलेलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. मी ते दाजींना सांगितलं.

"आता आठवलं," दाजी म्हणाले. रागावले की ते मला डिप्लोमावाले म्हणायचे. "आणखी काही आठवणार असेल तर आधी आठवा, डिप्लोमावाले."

मग त्यांनी ती नोझलं घरी नेऊन अक्कासमोर ओतली. घरात तांब्याची भांडी होती, ती काळी पडली की काय करायचं हे तिला माहीत होतं. चिंच भिजवली, मीठ घेतलं, आणि दुपारभर मोरीत बसून एकेक नोझल घासलं. बाहेरून लखलखीत झाली. आतून भोकात चिंच पोचत नाही. ती आतून काळीच होती आणि त्या काळ्या थराला आता चिंचेचे तंतूही चिकटले होते.

धुळ्याला बाईंनी एक नोझल नाकाशी धरलं. "चिंच?"

"हो," मी म्हणालो.

"घासणाऱ्यानं मन लावून घासलं आहे." त्यांनी ते पेटवलं. ज्योत फडफडली, ठिणग्या उडाल्या. त्यांनी गॅस बंद केला.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा चहा दिला. चहा पिताना म्हणाल्या की त्यांचे यजमान सांगायचे, मुंबईचा तो कारागीर तांब्याला दूध लावायचा. थट्टा करत आहेत का, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. बाई थट्टा करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

दाजींना हे सांगावं की नाही, यावर मी पारोळ्यापर्यंत विचार केला. सांगितलं. त्यांनी लगेच अक्काला हाक मारली.

"यंत्रावर दूध?" अक्का म्हणाली. "दूध पेवाले शे." ती चिडली की धुळ्याकडची बोली बोलायची. सासर जळगावचं असलं तरी रागाला माहेरचीच भाषा लागते.

घरचं दूध मिळालं नाही. दाजींनी एका गवळ्याकडून म्हशीचं दूध लावलं. रोज सकाळी गवळी सायकलवरून वर्कशॉपवर येऊन दूध घालायचा. लेथसाठी आहे हे आम्ही त्याला सांगितलं नाही. कामगार फार चहा पितात असं त्याला वाटत असावं.

आणि दुधानं काम झालं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. दुधातला स्निग्धपणा टूल आणि तांब्याच्या मध्ये बसायचा, पाणी गार ठेवायचं. भोक आतून गुळगुळीत होऊ लागलं. दाजी खूश झाले. पण तो मार्च होता, आणि जळगावचा मार्च हा इतर गावांचा मे असतो. पत्र्याच्या शेडमध्ये दूध दुपारच्या आत नासायचं. लेथच्या खालच्या ट्रेमध्ये त्याचं पनीर व्हायचं, पन्हाळीत साय धरायची. वास असा, की शेजारच्या शेडमधला प्लास्टिकचे पाइप करणारा मालक येऊन म्हणाला, "भाऊ, काही मेलंय का तुमच्याकडे?" मांजरं येऊ लागली. आधी एक यायचं, मग त्यानं आपले सगळे नातलग आणले. लेथ चालू असताना ती समोर ओळीनं बसून असायची, जणू तपासणीला आलेले अधिकारी. दुसऱ्या लेथवर लोखंडाची कामं करणारा आमचा कारागीर मुकाट्यानं आपलं मशीन पुसायचा आणि नाकाला रुमाल बांधायचा.

आंबलेल्या दुधानं लेथच्या बेडवर गंज धरू लागला तेव्हा दाजींचा चेहरा उतरला. तो लेथ त्यांनी आयुष्यातला पहिला म्हणून घेतला होता. तरी नोझलं तयार होती म्हणून मी ती नेली. बाईंनी पेटवली. ज्योत जवळजवळ सरळ होती. पण खोलीभर करपलेल्या दुधाचा वास पसरला, आणि आतल्या खोलीतून कुणीतरी ओरडून विचारलं की गॅसवर काय ठेवलंय.

"धुतली नाहीत का?" बाईंनी विचारलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि हे त्या दिवशी मला खरंच नवं होतं. टॉर्चमधून ऑक्सिजन जातो. ऑक्सिजनला तेल, तूप, कुठलाही स्निग्ध पदार्थ चालत नाही. आत थेंब राहिला तर तो भडकू शकतो. "काय लावायचं ते लावा," त्या म्हणाल्या, "पण माझ्याकडे येईल ते नोझल जेवणाच्या ताटासारखं स्वच्छ पाहिजे. समोर माणूस तोंड घालून काम करत असतो."

म्हणजे आता तीन अटी झाल्या. तांबं चिकटता कामा नये, काळं पडता कामा नये, आणि लावलेलं सगळं धुऊन निघालं पाहिजे.

मी माझ्या जुन्या कॉलेजात जाऊन ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक काढून वाचलं. तिथं तांब्यासाठी स्पष्ट लिहिलं होतं: डुकराच्या चरबीचं तेल, रॉकेलमध्ये मिसळून. दाजी माळकरी होते. घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद असायचा. मी जळगावला आलो. दाजी ग्राइंडरवर होते.

"काय म्हणतं पुस्तक?"

"रॉकेल म्हणतं."

"नुसतं रॉकेल?"

"आणि एक तेल."

"कसलं?"

मी सांगितलं. दाजींनी ग्राइंडर बंद केला. चाक थांबेपर्यंत ते त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुस्तक परदेशातलं असेल."

"हो."

"त्यांच्याकडे शेंगदाणा होत नसेल."

अशा रीतीनं आम्ही शेंगदाण्याच्या तेलाकडे आलो. पण सरळ नाही. आधी दाजींनी करडईचं तेल आणलं, ते उन्हानं मशीनवर वाळून गोंदासारखं झालं आणि चाकं फिरायला जड झाली. मग एरंडेल आणलं. एरंडेलानं धार सुंदर चालायची, पण ते रॉकेलमध्ये मिसळायलाच तयार नव्हतं, डब्यात तळाशी वेगळं जाऊन बसायचं. शेंगदाण्याचं तेल मात्र रॉकेलमध्ये एकजीव झालं. तांबं काळं पडलं नाही. गरम झाल्यावर शेडमध्ये भजी तळल्याचा वास सुटायचा. तो पाइपवाला शेजारी आता वेगळ्या कारणानं यायला लागला, आणि काही तळलेलं नाही हे कळल्यावर तोंड पाडून परत जायचा.

तेल सुटलं, पण टूल बाकी होतं. मी कार्बाइडच्याच बाजूचा होतो. ते आधुनिक होतं. दाजी म्हणाले, आपल्याला मिळणारी टीप लोखंडासाठीची आहे, तिला अशी धार येत नाही. त्यांनी जुना हायस्पीड स्टीलचा तुकडा घेतला आणि त्याला सुतारकामाच्या पटाशीसारखी उतरती, पातळ धार लावली. मग सहाणेवर तेल टाकून ती इतकी घासली की तिच्यात खिडकी दिसायची. माझं म्हणणं होतं, ही धार टिकणार नाही. आम्ही दोन्ही लावून पाहिली. तांब्यानं दाजींच्या बाजूनं निकाल दिला. भोकाच्या बाबतीत मात्र माझं खरं निघालं. दाजींना वाटायचं, ड्रिल एकदा घातला की जोर लावून पार न्यावा. मी शेटजींकडून जास्त पिळाचा, आतून गुळगुळीत खोबणीचा ड्रिल आणला आणि थोडं थोडं आत जाऊन पुन्हा बाहेर काढत, कीस झटकत, तेल घालत भोक पाडलं. ड्रिल मोडायचे थांबले. दुसऱ्या दिवशीपासून दाजीही तसंच करू लागले.

आणि मग ते झालं.

धारदार टूलनं तांबं उत्तम कापलं जातं, पण त्याचा कीस तुटत नाही. लांबच लांब फीत निघत जाते, तांबूस, पातळ, वळणं घेत. दिसायला देखणी आणि दोन्ही कडांनी ब्लेडसारखी. लोखंडाचा कीस तुटून खाली पडतो. ही फीत टूलभोवती, जॉबभोवती गुंडाळत राहते. कीस हातानं ओढायचा नाही, लोखंडी आकड्यानं काढायचा, हे दाजी प्रत्येकाला सांगायचे. मलाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या सकाळी आकडा दुसऱ्या लेथवर होता. दाजींनी फडक्यानं फीत धरून ओढली. त्याच क्षणी तिचं दुसरं टोक जॉब पकडून फिरणाऱ्या चकमध्ये अडकलं, आणि फीत त्यांच्या मुठीतून सर्रकन ओढली गेली.

"मशीन बंद कर," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. मी बंद केलं. त्यांनी मूठ उघडली नाही. फडकं आधी लाल होतं की नाही हे मला आठवेना.

रिक्षात ते समोर बघत बसले होते. सिव्हिलजवळ आल्यावर म्हणाले, "लेथवर तेल राहिलंय. पुसायला सांग." डॉक्टरांनी टाके घातले आणि बाहेर येऊन मला सांगितलं की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या शिरा तुटल्या होत्या, जोडल्या आहेत, पण ती बोटं पूर्वीसारखी सरळ होतील असं नाही. अक्काला सांगायला मीच गेलो. वाटभर वाक्य जुळवत होतो. तिनं दार उघडलं, माझ्या शर्टाकडे पाहिलं आणि चप्पल घातली. हॉस्पिटलात दाजींच्या खाटेशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "सकाळी खाल्लं होतं का काही?"

"पोळी खाल्ली होती," दाजी म्हणाले. तेव्हा मात्र त्यांचा आवाज फुटला, आणि ते भिंतीकडे वळले.

त्यानंतर दाजी घरी बसले. नुसते बसले. उजवा हात गळ्यात बांधलेला. वर्कशॉपचं नाव काढलं तर उठून गच्चीवर जायचे. मी आणि कारागीर मिळून लोखंडाची कामं कशीबशी उरकत होतो. बाईंना मी सगळं कळवलं होतं आणि दुसरा कुणी बघायला सांगितलं होतं. त्यांनी निरोप पाठवला: थांबते.

त्या निरोपानं अक्का अस्वस्थ झाली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ती वर्कशॉपच्या दारात उभी. एका हातात डबा, मागे दाजी. "हे घरात माझ्या विळीची धार तपासून बघतात," ती मला म्हणाली. "इथं स्टुलावर बसतील. काय करायचं ते सांगतील. तू कर."

अक्का डबा ठेवून परत जाईल असं मला वाटलं होतं. पण भोक पाडताना एक अडचण होती. एक हात मशीनच्या दांड्यावर, दुसरा जॉबवर, आणि तेल घालायला तिसरा हात लागायचा. तो आधी दाजींचा होता. अक्कानं पदर खोचला, तेलाचा झारा उचलला आणि म्हणाली, "कुठे घालायचं?"

ती त्या दिवशी आली ती रोजच येऊ लागली. पहिले काही दिवस सढळ हातानं घालायची, माझे बूट तेलात. मग हाताला अंदाज आला. दाजी स्टुलावरून सूचना देत, त्यातल्या निम्म्या अक्का परतवून लावी. त्यांचं तोंड हळूहळू उघडू लागलं. त्यांनी डाव्या हातानं कागदावर काढून दाखवलं, की टूलच्या धारेमागे एक बारीक खोबण केली तर फीत वळून आपोआप तुटेल. मी ती केली. पहिल्यांदा फार खोल झाली, धार गेली. पुन्हा केली. दुसऱ्या वेळी फीत बोटभर लांबीवर टपटप तुटू लागली. दाजी स्टुलावरून उठून जवळ आले आणि ते तुकडे पडताना बघत उभे राहिले.

अक्काचीही एक भर होती. तेलात ती चिमूटभर कापूर टाकायची. वासासाठी, म्हणाली. मग म्हणाली, धार टिकते. मी डिप्लोमाच्या अधिकारानं सांगितलं की कापराचा काही संबंध नाही. तरी ती टाकत राहिली. पुढे कितीही वर्षं झाली तरी कापूर बंद करून बघायची हिंमत आमच्यापैकी कुणाला झाली नाही.

धुण्याचं कामही तिनंच घेतलं. मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात धुण्याचा सोडा, त्यात नोझलं, मग भोकातून दोऱ्याला बांधलेली चिंधी आरपार ओढायची, पुन्हा गरम पाणी, मग उन्हात. चिंधी पांढरी निघेपर्यंत ओढायची. एमआयडीसीच्या त्या रस्त्यावर फळीवर तांब्याची नोझलं आणि शेजारी अक्काच्या कुरडया, अशी वाळवणं एकत्र पडलेली असत.

धुळ्याला या वेळी आम्ही तिघंही गेलो. दाजींच्या हाताची पट्टी निघाली होती. ती दोन बोटं अर्धी वळलेली होती आणि तशीच राहणार होती. बाईंनी दार उघडलं आणि आधी त्या हाताकडेच पाहिलं. मग आत नेलं, काळा चष्मा लावला.

पहिली ज्योत सरळ आली. बाईंनी ती थोडी कमी केली, वाढवली, सुळका आखूड केला, लांब केला. विझवली. दुसरं नोझल लावलं. दाजी खुर्चीच्या कडेवर बसले होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो, कारण ज्योतीकडे बघवत नव्हतं. अक्का मात्र उठून बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला तो चष्मा देता का?"

बाईंनी दिला. स्वतः डोळे बारीक करून नोझल बदलत राहिल्या आणि अक्काला सांगत राहिल्या: हा सुळका असा हवा, इथं पिसारा दिसला की आत बारीक खरखरीत कोर राहिली आहे समज, ही फुसफुसते म्हणजे भोक मोठं झालं. काही नोझलं त्यांनी बाजूला काढली. बाकीची एका स्वच्छ फडक्यावर मांडली. मग दाजींकडे वळल्या.

"ह्या बऱ्या शेतस," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "हात कशानं गेला?"

"हातानं ओढला कीस," दाजी म्हणाले. "आकडा लांब होता."

बाईंनी मान हलवली. त्यांनी जेवायला थांबवून घेतलं. शेवभाजी होती, तिखट अशी की दाजींच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला त्यांनी उजवा हात वापरला. हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदाच.

पुढे कित्येक वर्षं आम्ही बाईंना नोझलं दिली. दाजी पुन्हा लेथवर उभे राहिले. चाक तळव्यानं फिरवायला शिकले. लोखंडाची कामं त्यांनी आमच्या कारागिरावर सोडली आणि स्वतः तांबंच करत राहिले. मोटारीची, ट्रान्सफॉर्मरची तांब्याची कामंही येऊ लागली. आता कुणी दारात "होईल का" विचारलं तर ते वस्तू हातात घेऊन बघत आणि म्हणत, "उद्या सांगतो." गिऱ्हाइकांना ते आवडायचं नाही.

नव्वदनंतर बाजारात तयार, पाकीटबंद नोझलं येऊ लागली आणि बाईंचे वेल्डिंगवाले एकेक करून तिकडे वळले. बाईंनी धंदा आवरला. हे सांगायला त्या स्वतः जळगावला आल्या. पहिल्या भेटीनंतर आमची शेड त्यांनी पाहिली नव्हती. सगळीकडे फिरल्या, टूल हातात घेऊन त्याच्या धारेवर नख लावून पाहिलं, तेलाच्या डब्यात वाकून वास घेतला आणि विचारलं, "कापूर?" अक्का म्हणाली, "हो." बाईंना त्यात वावगं काही वाटलं नाही.

अक्कानं तोवर सराफ बाजारात ओळखी काढल्या होत्या. सोनारांच्या बारीक टॉर्चला लहान नोझलं लागतात. ती आम्ही करू लागलो होतो आणि प्रत्येक नोझल अक्का स्वतः पेटवून बघून देत होती. दाजींनी केलेली ती जास्त परत पाठवायची, माझी कमी. दाजींचं म्हणणं होतं, यात नातं आडवं येतं. मला तसं वाटत नाही.

धंदा संपला तरी बाईंचं येणं थांबलं नाही. वर्षातून एकदोनदा त्या यायच्या, अक्काला घेऊन मुक्ताईनगरला दर्शनाला जायच्या आणि मुक्कामाला राहायच्या. पहिल्यांदा त्या दोघी गेल्या त्या दिवशी जेवणाचं आमच्यावर आलं. दाजींनी खिचडी टाकली, मी पापड भाजले. अर्ध्यातून दाजी म्हणाले, "तेल कमी पडलंय." मी वरून थोडं घातलं. मग आम्ही जेवलो, आणि दाजी भांडी घासायला बसले.